गट नंबर संपतो तिथे रस्ता संपतो

संपादक महोदय,

पुण्याच्या पश्चिमेकडील कोंडीची चर्चा निघाली की सगळा दोष गाड्यांच्या संख्येवर येतो. गाडी स्वस्त झाली म्हणून उपनगरे वाढली हे खरेच, पण ती कशा पद्धतीने वाढली याकडे फारसे कोणी पाहत नाही.

कोथरूड, बिबवेवाडी ही स्कूटरने वसवलेली उपनगरे. सहा-आठ किलोमीटरचे अंतर, मागे एक माणूस, पुढे उभे राहिलेले मूल. त्यापलीकडे स्कूटर पुरत नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये पन्नास हजारांच्या आसपास किमतीची मारुती ८०० आली आणि पुढे हप्त्यांवर गाडी मिळू लागली, तेव्हा भर पावसात म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन वीस किलोमीटर जाणेही आवाक्यात आले. हिंजवडीचे आयटी पार्क आणि कात्रज-देहूरोड बाह्यवळणामुळे बाणेर, बावधन, वाकडच्या शेतजमिनींना भाव आला. घर विकायला बसथांबा जवळ असण्याची गरज उरली नाही. पार्किंग दाखवले की पुरे.

घोळ इथे झाला. लेआउट, म्हणजे भूखंड आणि रस्त्यांचे आराखडे, मंजूर झाले ते एकेका गट नंबरचे, म्हणजे महसूल नोंदीतल्या जमिनीच्या एकेका तुकड्याचे. बांधापर्यंत ९ मीटरचा रस्ता, पुढे कंपाउंडची भिंत. पलीकडच्या लेआउटचा रस्ता चार मीटर बाजूला सरकलेला, कधी हातभर खाली. भिंतीपलीकडचे किराणा दुकान गच्चीवरून दिसते, पण तिथे जायचे तर हमरस्त्याला वळसा घालून दीड किलोमीटर. मग दुधाच्या पिशवीसाठीही गाडी निघते.

या ९ मीटरमध्ये दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या जवळजवळ ४ मीटर खातात. उरले ५. बसची रुंदी अडीच मीटर, त्यावर आरसे. समोरासमोर दोन बस जाऊच शकत नाहीत आणि १२ मीटर लांबीची बस कोपऱ्यावर वळताना मागच्या चाकाने आत कापते, म्हणजे तिथे एखादी गाडी उभी असली की बस अडकलीच. म्हणून पीएमपी, म्हणजे शहराची बससेवा, आत शिरत नाही. हमरस्त्यावरच्या थांब्यापर्यंत चालावे, तर पदपथावर विजेची पेटी, पुढे एखाद्या सोसायटीचा रॅम्प. शेवटी घरात दुसरी गाडी येते. सोसायटीत जागा एकीचीच, म्हणून दुसरी रस्त्यावर लागते आणि रस्ता आणखी अरुंद होतो.

सोसायटीतली जागाही फुकट नसते. पार्किंगची ५ बाय अडीच मीटरची खूण म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गाडी फिरवायची वाट, खांब, उतार धरला की एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. तेवढ्यात एक छोटे घर बसते. गाडी नसलेल्या कुटुंबाच्या घराच्या किमतीतही हा खर्च मुरलेला असतोच.

यावर उपाय जुनाच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, नगररचना योजना राबवली गेली. आधी जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा आखायच्या, मग मालकांना नीट आकाराचे भूखंड परत द्यायचे. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक, वाघोली इथे, हे अजून जमण्याजोगे आहे. शेते शिल्लक आहेत. पण इमारती उभ्या राहिल्यावर ते होत नाही. तोवर निदान शेजारच्या गटाशी रस्त्याची मध्यरेषा आणि पातळी जुळल्याशिवाय बांधकामाला परवानगी देऊ नये, आणि बस जाणार असेल त्या रस्त्याला १८ मीटरपेक्षा कमी रुंदी मान्य करू नये.

जिथे भिंती आधीच उभ्या आहेत, तिथे दोन सोसायट्यांच्या संमतीने भिंतीत दीड मीटरचे दार काढता येते. रात्री कुलूप, दिवसा उघडे. महापालिकेने अशा जागा नकाशावर शोधून सोसायट्यांना एका टेबलावर बसवावे, एवढीच विनंती.

— नगररचना क्षेत्रातील एक वाचक, पुणे