"झोपू दे, उतरेल सकाळी"

संपादक साहेब, नमस्कार.

लग्नसराई सुरू झालीय आणि आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात हळद म्हटली की पुढे डीजे आणि मंडपामागे बाटल्या, हे ठरलेलंच. प्यायची की नाही ते ज्याचं त्याने बघावं, पण गेल्या वर्षी मावसभावाच्या हळदीला जे बघितलं ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

त्याच्या एका मित्राने पैजेवर, तेही उपाशीपोटी, अख्खी क्वार्टर, म्हणजे १८० मिलीची दारूची बाटली, दहा मिनिटांत संपवली. थोड्या वेळाने जीभ जड, तोल नाही, तेच तेच बोलतोय, तेव्हाच ग्लास काढून घ्यायला हवा होता पण सगळे हसत होते. मग आडवा झाला तर उचलून टेम्पोत उताणा टाकला, म्हणे झोपू दे, उतरेल सकाळी. मी पाणी घेऊन गेलो तर हात बर्फासारखे गार, ओठ निळसर, घोरता घोरता श्वास मध्येच बंद, मी मोजलं, दहा सेकंद काहीच नाही. चिमटे काढले, हाका मारल्या, डोळा उघडेना. त्याला कुशीवर वळवला आणि लगेच भडाभडा उलटी झाली, उताणा असता तर ती छातीतच गेली असती. कुणी म्हणालं लिंबू पाजा, कुणी म्हणालं डोक्यावर पाणी ओता. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं हो! आणि पोलीस केस होईल म्हणून १०८ लावायलाच पंधरा मिनिटं घालवली. पोरगा वाचला, पण दोन दिवस आयसीयूत होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांना कळायला पाहिजे. लिव्हर तासाला साधारण एक छोटा पेग, म्हणजे तीस मिली, एवढंच पचवतं, कॉफीने किंवा आंघोळीने त्याचा स्पीड वाढत नाही. क्वार्टरमध्ये असे सहा पेग असतात, आणि पोटात असलेली दारू माणूस झोपल्यावरही रक्तात चढत राहते, म्हणून झोपलेल्याला एकटं सोडायचं नाही. "बिअरच तर आहे" म्हणणाऱ्यांनी पण ऐका, आठ टक्केवाली मोठी स्ट्राँग बाटली म्हणजे जवळपास चार पेग झाले. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दारूला हातच लावू नका.

पुढच्या महिन्यात आमच्याच घरी बहिणीची हळद आहे. जेवणाच्या पंगती साडेसातला बसणार, पैजा बंद, मी आणि काका पिणार नाही, आणि गाड्यांच्या चाव्या काकूच्या डब्यात राहणार.

- एक वाचक, पनवेल