वन्सं, माझी गर्भपिशवी तुम्ही वाचवलीत

प्रिय वन्सं,

तुम्हाला विचारूनच हे सगळ्यांसमोर लिहितेय. फोनवर म्हणालात ना, "लिही, माझं नाव तेवढं नको टाकू, बाकी सगळं लिही, कुणाच्या तरी कामी येईल". म्हणून नाव नाही टाकत, पण आभार मात्र जाहीर मानायचेत. तोंडावर मला कधी जमलंच नाही, बोलायला गेलं की डोळे भरून यायचे आणि तुम्ही लगेच "चहा टाक गं" म्हणून विषय बदलायचात.

माझं हे पाळी जायच्या आधीचं सगळं सुरू झालं २०२३ च्या दिवाळीत. मी तेव्हा ४५ ची. चकल्या तळताना एकदम मानेपासून डोक्यापर्यंत गरम वाफ आली, वाटलं गॅससमोर उभी आहे म्हणून असेल. मग ते रात्री व्हायला लागलं. बरोबर तीनच्या सुमारास जाग यायची, आधी छातीत धडधड, मग वाफ, मग दरदरून घाम, गाऊन बदलेपर्यंत अंगात हुडहुडी आणि त्यानंतर सकाळपर्यंत टक्क जागी. हे घाबरले, हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं, ईसीजी केला, टूडी इको केला, सगळं नॉर्मल. पतसंस्थेत कॅश टॅली होईना, वीस वर्षं रोज येणाऱ्या खातेदाराचं नाव समोर माणूस उभा असताना आठवेना, मी बाथरूममध्ये जाऊन रडून यायचे. लेकीवर इतकी ओरडायचे की ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली होती, हे तुम्हाला माहीतच आहे.

आणि पाळी. कधी वीस दिवसांत, कधी दीड महिना पत्ता नाही, आणि आली की दहा-दहा दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. दोन-दोन पॅड लावून ऑफिसला जायचे आणि खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून बघायचे. सासूबाई म्हणायच्या, "जायच्या वेळेला असंच असतं, आम्ही नाही का काढलं". त्यांनी खरंच काढलं असेल, त्यांच्यावर माझा राग नाही, पण मला ते निघत नव्हतं.

मग औषधांचा नाद लागला. कुणी सांगितलं शतावरी कल्प घे, तो घेतला. कुणी अश्वगंधा, कुणी ब्लॅक कोहोश, कुणी इव्हनिंग प्रिमरोजच्या कॅप्सूल, एका ओळखीच्या बाईंनी पावडरीचे तीन मोठे डबे गळ्यात मारले, "महिलांसाठी खास" असं लिहिलेले. पगारातले किती पैसे गेले ते यांनाही सांगितलं नव्हतं. शेवटी गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले, सोनोग्राफी केली, त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, मुलं झालीत ना, मग आता पिशवीचं काय काम, काढून टाका, कटकट संपेल, सोबत दोन्ही अंडाशयंपण काढू म्हणजे पुढे कॅन्सरची भीती नको. पाच मिनिटंपण लागली नाहीत. आणि मी हो म्हणून आले, कारण मी इतकी दमले होते की कुणी काहीही काढून टाकतो म्हणालं असतं तरी मी हो म्हटलं असतं. गणपती झाल्यावरची तारीख पक्की झाली.

तुम्ही २०२४ च्या गौरींना माहेरी आलात, आणि मला ऐन गौरीजेवणाच्या दिवशी पाळी आली. सगळा नैवेद्य, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, तुम्ही एकटीनं केलंत आणि एका शब्दानं बोलला नाहीत. रात्री गच्चीवर आलात, मी पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते, आणि मी ऑपरेशनचं सांगितल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग जे सांगितलंत ते तुम्ही तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, भावोजींनापण पूर्ण नाही.

तुमची पिशवी ३८ व्या वर्षी काढली होती, दोन्ही अंडाशयांसकट, अशीच, पाच मिनिटांत ठरवून. अंडाशयं काढली की पाळी जायची वाट बघावी लागत नाही, ती त्याच दिवशी गेलेली असते, आणि इतक्या कमी वयात काढली तर सहसा पन्नाशीपर्यंत हार्मोन बाहेरून देतात, म्हणजे हाडं आणि हृदय सांभाळलं जातं, यातलं एक अक्षर तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ना हार्मोन दिले, ना कधी बोलावलं. तुम्ही वर्षानुवर्षं वाफा आणि रात्रीचं जागरण अंगावर काढलंत, आम्ही सगळे म्हणायचो वन्सं फार तापट झाल्यात. मीपण म्हटलंय, मला माफ करा. आणि ५४ व्या वर्षी अंगणात साधा पाय घसरला आणि मनगट मोडलं, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडं सत्तरीच्या बाईसारखी झालीत.

"माझं गेलं ते गेलं, तुझं नाही जाऊ देणार", असं म्हणालात. वन्सं, ते वाक्य मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लेकीची जुनी वही मागून घेतलीत आणि पानावर रकाने आखलेत. तारीख, झोप किती, वाफा किती वेळा, रक्त किती म्हणजे पॅड किती, धडधड, मूड, खाल्लेली प्रत्येक गोळी. नाशिकला जायचं लांबवलंत, भावोजींना फोन करून सांगितलंत की डबा लावून घ्या. ऑपरेशनची तारीख मला रद्द करायला लावलीत, मला तर फोन करायचीपण भीती वाटत होती, तुम्ही शेजारी बसून राहिलात. आणि मग आपण कोल्हापूरच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, एसटीनं, मांडीवर सगळ्या बाटल्यांची पिशवी घेऊन. बसमध्ये तुम्ही बीडच्या ऊसतोड बायकांचं सांगितलंत. २०१९ मध्ये सरकारी समितीनं ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी तिशीतल्या, तोड बुडू नये म्हणून, मुकादमाचा दंड बसू नये म्हणून. मी पेपरात वाचलं होतं आणि मला वाटलं होतं ते त्यांचं आहे, आपलं नाही.

मॅडमनी वही पूर्ण वाचली. पहिल्या पानापासून. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणा डॉक्टरनं मला अर्धा तास दिला. म्हणाल्या, याला पेरिमेनोपॉज म्हणतात, पाळी जायच्या आधीची ही वर्षं, आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते म्हणजे तुमचं वेळेवरच आहे. मला वाटायचं हार्मोन हळूहळू उतरत जातं, तसं नसतंच म्हणे. ते आपल्याकडच्या लाइटच्या व्होल्टेजसारखं वरखाली होतं, एका महिन्यात खूप जास्त, पुढच्यात एकदम कमी. म्हणून पंचेचाळिशीनंतर एखाद्या दिवसाच्या हार्मोनच्या रक्ततपासणीवरून फार काही कळत नाही, लक्षणांवरूनच ओळखायचं. पण थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी१२ आणि डी हे मात्र बघायला लावलं, कारण थायरॉइडपण हेच सगळं करू शकतं. थायरॉइड बरं होतं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. धडधड आणि दम लागणं यातलं निम्मं तिथलंच होतं, आणि ते आधी कुणी बघितलंच नव्हतं.

मग तुम्ही टेबलावर एकेक बाटली मांडलीत. मॅडम रागावल्या नाहीत. प्रिमरोज तेल चाचण्यांमध्ये नुसत्या रिकाम्या कॅप्सूलपेक्षा फार काही सरस ठरलेलं नाही, ब्लॅक कोहोश आणि अश्वगंधा या दोन्हींमुळे क्वचित लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत आणि तुम्ही दोन्ही एकत्र घेताय, पावडरीत काय आहे ते डब्यावरच नीट लिहिलेलं नाही, बंद करा. ठेवलं काय तर लोहाची गोळी आणि डी. लोहाची गोळी चहासोबत नाही, कॅल्शियमसोबत नाही, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, दूध, दही आधी, मग गोळी लागली तर. तुम्ही लगेच मला म्हणालात, आंबील कर रोज. करते.

इतकं रक्त जातंय म्हणून आधी पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस कसे गेले ते तुम्हाला आणि मलाच माहीत. रिपोर्ट चांगला आला, एक बारीक फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतली साधी गाठ, होता, त्याचं काही करायची गरज नव्हती. मॅमोग्राम झाला, बीपी झालं, घरात कुणाला ब्रेस्टचा कॅन्सर, कुणाला पायात रक्ताची गुठळी, सगळं विचारलं.

मी हार्मोन घ्यायला घाबरत होते. मला वाटायचं हार्मोन म्हणजे कॅन्सर. मॅडमनी २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचं सांगितलं, ज्याच्यानंतर सगळं जगच घाबरलं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषधं जुन्या प्रकारच्या गोळ्यांची, आणि इस्ट्रोजेन व त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉनसारखं, अशी दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजार बायकांमागे ब्रेस्ट कॅन्सरच्या ८ केसेस जास्त निघाल्या. धोका शून्य आहे असं त्या म्हणाल्या नाहीत आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. ज्यांना ब्रेस्टचा कॅन्सर होऊन गेलाय किंवा लिव्हरचा मोठा आजार आहे त्यांना साधारणपणे हे देत नाहीत, त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं असतात, हेपण त्यांनीच सांगितलं.

शेवटी मिरेना बसवली, गर्भपिशवीत बसणारी हार्मोनची कॉइल. तिच्यानं रक्तस्राव कमी होतो, अस्तर जाड होत नाही, आणि गर्भ राहायची भीती जाते (हो, या वयातपण राहू शकतो, मला खरंच माहीत नव्हतं). वरून इस्ट्रोजेनचं जेल, रोज आंघोळीनंतर दंडावर लावायचं, वाळू द्यायचं. त्वचेतून घेतलं की गोळीसारखा गुठळीचा धोका वाढत नाही. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीच घ्यायचं नाही, अस्तर वाढत जातं, त्याला आवर घालणारं दुसरं हार्मोन सोबत लागतंच, माझ्यासाठी ते काम कॉइल करते. ज्यांना कॉइल नको त्यांना रात्रीच्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल असतात.

पहिले तीन-चार महिने थोडं थोडं डाग पडणं चालू होतं, मी दर चार दिवसांनी तुम्हाला फोन करायचे की हे बरोबर आहे ना, आणि तुम्ही दर वेळी वही काढ म्हणायचात. मग वाफा कमी झाल्या. एक दिवस सकाळी साडेसहाला जाग आली, खिडकीतून उजेड आलेला, मला कळेचना काय झालं, मग लक्षात आलं की मी रात्रभर झोपले होते. मी पहिला फोन तुम्हाला केला होता. हिमोग्लोबिन आता १२ च्या वर आहे. गुडघे अजून दुखतात, नावं अजून कधीतरी विसरते, सगळं गेलं असं नाही म्हणणार मी. पण लेक परत माझ्याजवळ येऊन बसते, आणि तिला मी हे सगळं सांगितलंय, तुमच्या मनगटासकट.

मला सारखं वाटतं की तुम्हाला तेव्हा अशी वन्सं कुणीच नव्हती.

आता तुमचं. हाडांची आठवड्याची गोळी रविवारी घ्यायची ठरलंय ना, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, भावोजींना मी सांगून ठेवलंय. तुमचा डेक्सा, हाडांच्या घनतेची तपासणी, पुढच्या मंगळवारी आहे, तुम्ही रिक्षानं एकटी जाईन म्हणालात, तसं अजिबात करायचं नाही. मी सोमवारी रात्रीच्या गाडीनं निघतेय, पहाटे पोचेन, येताना नाचणीचं पीठ आणि तिळाचे लाडू आणतेय. आणि एक कोरी वहीपण, रकाने आखून.

तुमची,
धाकटी भावजय
सांगली