फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरातला संगणक जुना झाला, त्यावरचे प्रोग्राम मध्येच अडकून पडू लागले, मुलांचे खेळ हँग होऊ लागले, की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक तर ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवून घ्या, नाही तर ‘आता नवाच घ्या’. गेल्या वर्षभरात यातला पहिला सल्ला मी तीन वेळा मानला आणि दुसरा मानण्याच्या बेतात होतो. प्रत्यक्षात बिघाड निराळाच होता, तो साध्या तपासणीत सापडण्यासारखा होता आणि ती तपासणी तीनही खेपांना कोणी केली नाही. असा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. २०१५ साली जुळवून घेतलेला माझा संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या आय-थ्री प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा (म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीचा) आणि ५०० जीबी हार्डडिस्कचा होता. त्यावर मी प्रश्नपत्रिका आणि टिपणे श्रीलिपी या मराठी टंकनाच्या जुन्या प्रोग्राममध्ये टंकत असे आणि सुटीत नात बुद्धिबळ व मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळत असे. गेल्या उन्हाळ्यात दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या. ब्राउझर किंवा हिशेबाची फाइल उघडली की खिडकी पांढुरकी होऊन ‘प्रतिसाद देत नाही’ अशा अर्थाची सूचना येई आणि मिनिटभराने सारे पुन्हा सुरळीत चाले. खेळाच्या वेळी मात्र दहाबारा मिनिटांनी चित्र थबके, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राही आणि शेवटी बटण दाबून यंत्र बंद करावे लागे.

मी दोन्ही प्रकारांना ‘हँग होतो’ एवढेच म्हणत राहिलो. दुकानदारानेही तेवढेच लिहून घेतले. पहिल्या दोन खेपांना फॉरमॅट करून मिळाले, यंत्र आठपंधरा दिवस बरे चालले आणि मूळ दुखणे परतले. तिसऱ्या खेपेला फाइली ठेवण्याच्या डी ड्राइव्ह या भागासकट सगळी डिस्क पुसली गेली. नातीच्या बारशाचे फोटो आणि आठ वर्षांची टिपणे त्यात गेली. जी थोडी टिपणे पेन ड्राइव्हवर वाचली होती, तीही अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग होऊन समोर आली, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व यंत्रांवर सारखी वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट यंत्रावर नसेल तर वाचताच येत नाही. फॉरमॅट करणाऱ्या माणसाला ही गोष्ट माहीत असायला हवी आणि गिऱ्हाइकाला ती आधी विचारायला हवी. महाराष्ट्रात किती लेखनिकांची, शिक्षकांची आणि छोट्या छापखान्यांची आयुष्यभराची कामे अशा फाँटांत अडकून असतील, याचा विचार करून मन अस्वस्थ होते.

त्यानंतर ‘बोर्ड गेला, नवीन घ्या, पंचेचाळीस हजारांत बसवून देतो’ असे सांगण्यात आले. सुदैवाने माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पुण्याहून फोनवर, दोन रविवार खर्च करून, मला स्वतःच्या हाताने तपासणी करायला लावली. त्याचा पहिलाच प्रश्न असा होता: “सर, हँग झाल्यावर माउसचा बाण हलतो का? नम लॉकचे बटण दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का?” एवढ्या एका प्रश्नाने माझ्या दोन तक्रारी वेगळ्या झाल्या. बाण हलत असेल आणि दिवा बदलत असेल, तर यंत्र जिवंत आहे आणि एखादा प्रोग्राम कशाची तरी वाट पाहत अडला आहे. बाणही हलत नाही, दिवाही बदलत नाही आणि आवाज एकाच तुकड्यावर फिरत राहतो, तेव्हा बहुधा पुरते यंत्रच थांबलेले असते. आवाजाचा पुढचा तुकडा पुरवणारा प्रोसेसर थांबल्यामुळे साउंड कार्ड शेवटचाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत राहते. अशा वेळी संशय उष्णता, वीजपुरवठा, रॅम, ग्राफिक्स किंवा ग्राफिक्स चालवणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम यांच्यावर घ्यावा.

पहिल्या तक्रारीचा छडा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून उघडणाऱ्या, यंत्राचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये लागला. प्रोसेसर जेमतेम आठ टक्के कामात होता, रॅम नव्वद टक्क्यांच्या वर भरली होती आणि डिस्कचा आकडा शंभरावरून खाली उतरत नव्हता. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला असे विखुरलेले तुकडे शोधायला दर वेळी डोके हलवून तबकडी फिरून येण्याची वाट पाहावी लागते, त्यामुळे तिला सेकंदाला शंभरएक तुकडेच आणता येतात, तर फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी एसएसडी तेवढ्याच वेळात हजारो तुकडे आणते. त्यातच क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने माझ्या डिस्कपुढे पिवळा इशारा दाखवला. काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे, वाचता येत नसल्याची नोंद डिस्कने स्वतःच ठेवलेली होती. असा खराब भाग वाटेत आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, तोवर प्रोग्राम ताटकळतो आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडून हालचाल झाली नाही, तर विंडोज त्याला प्रतिसाद न देणारा ठरवते.

फॉरमॅटनंतर आठपंधरा दिवस बरे का वाटत होते, हेही येथे उलगडले. नव्याने बसवलेल्या विंडोजवर सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम थोडे असतात, रॅम मोकळी असते आणि फाइली डिस्कच्या दुसऱ्या, अजून धड असलेल्या भागात बसलेल्या असू शकतात. जसजसा पसारा वाढतो तसतशी गाडी मूळ पदावर येते. म्हणजे मरणाच्या वाटेवर असलेल्या डिस्कवर तीन वेळा नवा संसार थाटला गेला. डिस्कची ती पिवळी खूण पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

दुसऱ्या तक्रारीचे कारण कॅबिनेट उघडल्यावर डोळ्यांनीच दिसले. आमच्या भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालतो आणि चादरी-टॉवेलांच्या सुताचे बारीक तंतू हवेत कायम असतात. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये या तंतूंची जाड गादीच तयार झाली होती. पंखा फिरत होता, पण हवा आरपार जातच नव्हती. शिवाय पंखा बोर्डाला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांपैकी एक तुटल्यामुळे तो एका बाजूने उचलला गेला होता आणि प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारी मधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. खेळ सुरू केल्यावर प्रोसेसरचे तापमान पाचव्या मिनिटाला ९७ अंश सेल्सियसवर गेलेले मी स्वतः पाहिले. इतके तापल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, खेळ गचके खातो आणि तरीही उष्णता हटली नाही तर यंत्र थांबते किंवा बंद पडते. पत्रे टंकताना प्रोसेसर निवांत असतो, म्हणून हे दुखणे फक्त खेळातच दिसत होते.

दुकानात हा बिघाड कधीच का आढळला नाही, याचे उत्तर मला या तपासणीत मिळाले. दुकान वातानुकूलित आहे, फॉरमॅटनंतर तेथे यंत्र चालू करून डेस्कटॉप दिसला की काम झाले असे धरले जाते आणि खेळ कोणी लावून पाहत नाही. माझी खोली मे महिन्यात ४२ अंशांच्या सोलापुरात, पत्र्याखाली आहे. रोग्याला ज्या परिस्थितीत ताप येतो त्या परिस्थितीत त्याला तपासलेच नाही, तर ताप सापडणार कसा? दुकानदाराच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्याच्या कामाच्या पद्धतीत तपासणीला जागाच नाही, ही माझी तक्रार आहे.

दुरुस्तीला काय लागले तेही सांगतो. २४० जीबीची एसएसडी, आणखी ४ जीबी रॅम, नवा पंखा आणि थर्मल पेस्टची एक लहान नळी, हे सारे मिळून साडेतीन हजार रुपयांच्या आत झाले. खेळताना तापमान आता ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान राहते आणि हिशेबाची फाइल क्षणात उघडते. ज्यांना घरी कॅबिनेट उघडायचे असेल त्यांनी प्लग काढून ठेवावा, ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे आणि वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरांत धोकादायक वीज साठलेली असू शकते. या सगळ्याच्या आधी, हार्डडिस्क शेवटचे श्वास मोजत असेल तर तपासण्यांत वेळ न घालवता महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मी हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत मोजली.

प्रत्येक अडकणे यंत्राच्या दोषाने होते असेही नाही. नातीच्या वडिलांनी विद्यार्थिदशेत घेतलेल्या खेळांच्या काही सीडी आमच्याकडे आहेत. त्यांतल्या सेफडिस्क नावाच्या, नक्कल रोखणाऱ्या कुलपाला विंडोज १० मध्ये आधारच नाही, त्यामुळे तसे खेळ मूळ सीडीवरून चालत नाहीत. ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत आणि ब्राउझरमधले फ्लॅशचे खेळ १२ जानेवारी २०२१ पासून ॲडोबनेच थांबवले आहेत. अशा खेळांसाठी कोणी फॉरमॅटचे पैसे घेत असेल तर ते सरळ नाकारावेत.

याच संदर्भात एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. माझ्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हेही खरे आहे. परंतु ‘आधार संपला म्हणून संगणक हँग होतो’ हे कारण ग्राहकाच्या गळी उतरवून नवे यंत्र विकणे योग्य नाही. आधार संपणे म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबणे. त्या तारखेला यंत्र मंद होत नाही, आणि घरगुती वापरासाठी जाहीर झालेली वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यापुढे बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करू नयेत, असे माझेही मत आहे. पण इंटरनेट न जोडता बुद्धिबळ खेळायला, जुनी टिपणे वाचायला किंवा लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवून रोजचे काम करायला हे यंत्र अजून काही वर्षे पुरेल. चालू शकणारे यंत्र भंगारात काढून आपण ई-कचऱ्याचा डोंगर उगाच वाढवतो.

आता मुद्द्याची मागणी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश आहे आणि केलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मला तीन खेपांत एकदाही लेखी पावती मिळाली नाही आणि मीही ती मागितली नाही, ही माझी चूक होती. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे पोर्टल सुरू केले आहे, परंतु तो हक्क गल्लीतल्या दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचायला हवा. संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या स्थानिक संघटनांनी एक साधा कागद ठरवून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्यावर डिस्कची स्थिती, रॅमची तपासणी, भार दिल्यावर मोजलेले तापमान आणि सापडलेले कारण लिहिलेले असावे आणि फॉरमॅटपूर्वी फाइली व फाँट उतरवून घेतल्याची ग्राहकाची सही असावी. या तपासणीचे वेगळे दोनतीनशे रुपये घेतले तरी कोणी कुरकुर करणार नाही, कारण कारागिराच्या निदानाला मोल आहेच. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिने वजनमापांपासून औषधांपर्यंत लोकांना प्रश्न विचारायला शिकवले. तिच्या कार्यकर्त्यांनी हा विषयही हाती घ्यावा. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून राज्यभर लाखो लोक संगणक चालवायला शिकले आहेत. त्या वर्गांत टास्क मॅनेजर वाचणे, डिस्कची प्रकृती पाहणे आणि फाइलींची प्रत राखणे यांना पुरेसा वेळ दिला जावा.

माझ्या माजी विद्यार्थ्याने सांगितलेली तपासणी मी मराठीत, या वेळी युनिकोडमध्ये, दोन पानांत टंकून ठेवली आहे. एखाद्या शाळेला किंवा सार्वजनिक वाचनालयाला ती फलकावर लावण्यासाठी हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत मी ती विनामूल्य पाठवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर