दारांचा रंग जाळू नका, भिजवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आमच्या दांडिया बाजारात घरोघरी शिड्या निघतात. हल्ली नुसतं रंगवून भागत नाही. जुन्या दारांचा ऑइल पेंट काढून आतलं सागवान उघडं करायची हौस आहे. ती मलाही आहे, म्हणूनच गेल्या आठवड्यात आमच्याच वाड्यातल्या वरच्या बिऱ्हाडात पाहिलं ते लिहिते. कारागीर ब्लो लॅम्पच्या ज्योतीने दार भाजत होता, रंगाला फोड येत होते, आणि घरातली तीन वर्षांची पोर खाली पडलेले पोपडे वेचून भातुकलीच्या पातेल्यात भरत होती. मी ओरडले, तर तो म्हणाला, "कंई नहि थाय, बेन." म्हणजे काही होत नाही, ताई.

होतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे: वर करडा, खाली पोपटी, त्याखाली सासऱ्यांच्या वेळचा आकाशी. त्यात काय आहे ते डोळ्यांनी कळत नाही, तेव्हा शिसं आहे असंच धरून चालायचं. जाळला की त्याचा धूर होतो, कोरडा पॉलिशपेपर मारला की भुकटी. मुलांच्या मेंदूला ते बाधतं, आणि इतपत चालेल असं त्याचं प्रमाणच नाही.

मी माझं दार पाणी फवारत ओलंच खरवडलं. खाली प्लास्टिक अंथरलं, पोरांना बहिणीकडे धाडलं, आणि शेवटी झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसलं. वेळ लागतो, हे खरं. कॉस्टिक सोड्याचं पाणी मात्र लाकडाला लावू नका. सागवान काळवंडतं, सांधे सुटतात.

खरी मजा झोपाळ्याच्या कड्यांची. कोण्या उत्साही पूर्वजाने पितळेवरच पोपटी रंग फासला होता! लोहचुंबक लावून पाहिलं, चिकटला नाही, म्हणजे लोखंड नव्हे. पाण्यात धुण्याचा सोडा घालून कड्या मंद आचेवर ठेवल्या. पहिल्यांदा ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, ते काळंठिक्कर पडलं. माझाच गाढवपणा, सोडा ॲल्युमिनियमला खातो. मग स्टीलचं घेतलं. अर्ध्या तासात दुधावरची साय धरावी तसा रंग चिमट्यात आला. ते पातेलं आता स्वयंपाकातून बाद, त्यावर लाल खूण केली आहे. दारांच्या लोखंडी बिजागऱ्याही तशाच उकळल्या, पण बाहेर काढताच कोरड्या करून तेलाचा हात फिरवला, नाहीतर सकाळपर्यंत गंज. स्क्रूच्या खाचेतला रंग आधी दाभणाने कोरून काढा. तसाच पिळला तर खाच जाते आणि मग सुतार बोलवावा लागतो.

आपल्या दिवाळी पुरवणीत घर सजवण्याच्या युक्त्या येतात. त्यांच्या शेजारी या धोक्याची एक चौकट द्यावी, आणि जमल्यास गुजरातीतही, म्हणजे मला ती आमच्या कारागिराच्या हातात ठेवता येईल. वरच्या बिऱ्हाडाचं अर्धं दार अजून उरलं आहे.

एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, वडोदरा