साउथवेलची पानं

नॉटिंगहॅम,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेल्या फोटोंवर तुझं उत्तर आलं : "पहिलं मेपल, दुसरं ओक. तिसऱ्याचे काटे दाखव, मग सांगतो. पण पानं अशी पांढुरकी का? रोग पडलाय का?" दोन दिवस हसतोय मी. अरे, ती पानं दगडाची आहेत! सव्वासातशे वर्षांहून जुनी. जन्मभर पोरांना झाडं ओळखायला शिकवलेल्या माणसाने फोनवर बघून त्यांना रोगाचं निदान करावं, याहून मोठी दाद त्या पाथरवटाला कुणी दिली नसेल. हे सगळं फोनवर टाइप करणं माझ्या अंगठ्यांना झेपणारं नाही, म्हणून हे पत्र.

लेक आणि जावई कामावर गेले की दिवसभर घरात मी आणि चहाची किटली. म्हणून मंगळवारी बस धरली आणि साउथवेलला गेलो. गाव छोटंसं, चर्च मात्र गावाला न शोभणाऱ्या मापाचं. त्याला मिन्स्टर म्हणतात. शिरल्यावर लागतो तो लांबलचक भाग ११०८च्या सुमारास सुरू झालेला. खांब जाडजूड, कमानींवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. पानाफुलांचं त्या माणसांना फारसं काही पडलेलं दिसत नाही. पुढचा भाग, जिथे गायकमंडळी बसतात तो, १२३४ साली सुरू झाला. तिथे खांबांच्या माथ्यावर पानं आहेत, पण कुठल्याच झाडाची नाहीत. ताठ देठ आणि टोकाला गुंडाळलेल्या तीन पाळ्या. आपण रांगोळीत पान काढतो ना, तसं. पान आहे हे सगळ्यांना कळतं, कशाचं आहे असं कुणी विचारत नाही.

तिथून डावीकडच्या बोळातून गेलो की चॅप्टर हाउस. म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळींची बैठकीची खोली. १२८८मध्ये यॉर्कचा आर्चबिशप जॉन ल रोमेन याच्या सांगण्यावरून ती बांधायला घेतली. आठ कोनांची, वर दगडी छत आणि मधे टेकू म्हणून एक खांबसुद्धा नाही. पण छताकडे बघायला मला वेळच मिळाला नाही, कारण दारापासूनच कुंपण सुरू होतं. अक्षरशः कुंपण रे! मेपल, ओक, हॉथॉर्न, आयव्ही, द्राक्षाची वेल, रानगुलाब, बटरकप, हॉप, आणि ती ब्रायोनी, तुझ्या काकडी-भोपळ्याच्या कुळातली. पानं खांबाला चिकटलेली नाहीत, मागून पोखरून मोकळी केलीत. त्यामुळे त्यांच्यामागे खरी सावली पडते आणि उन्हाबरोबर सरकते. मी एका कोपऱ्यात तासभर बसलो तेव्हा एक मेपल माझ्यासमोर अंधारात गेला.

समोर ताजी डहाळी ठेवल्याशिवाय असं कोरता येत नाही, असं माझं मत. बिअरला कडवटपणा देणाऱ्या त्या हॉपच्या वेलीचंच घे. त्या काळी इंग्लंडात बिअरमध्ये हॉप घालत नसत, ती रीत शेदीडशे वर्षांनी समुद्रापलीकडून आली. म्हणजे हॉप खांबावर चढला तो कुंपणात आपोआप उगवत होता म्हणून. कोरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

बसल्याबसल्या सहज सनावळ्या जुळवल्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०. नेवाशात चकोर चांदणं वेचत होते, तेव्हा इथे हे हॉथॉर्न कोरत होते. यातून काही सिद्ध होत नाही. पण चकोरामुळे मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं झालं. इथली त्या काळची माणसं निसर्गाला भीत होती की पूजत होती, असं तू विचारलंस. मला वाटतं, ती मुख्यतः निसर्ग वाचत होती. देवाने दोन ग्रंथ लिहिले, एक बायबल आणि दुसरा हे जग, अशी समजूत. मग सिंह नुसता सिंह कसा राहील? त्यांच्या प्राणिकथांच्या पोथ्यांत सिंहीण मेलेले छावे प्रसवते आणि तिसऱ्या दिवशी बाप येऊन फुंकर घालून त्यांना जिवंत करतो. तिसरा दिवस म्हटलं की ख्रिस्त. पेलिकन स्वतःची छाती फोडून पिलांवर रक्त शिंपतो. पुन्हा ख्रिस्त. १२००च्या सुमाराची अशी एक देखणी पोथी ॲबर्डीनच्या विद्यापीठात आहे, सोन्याने मढवलेली चित्रं. त्यातला सिंह बघून हसू नकोस. चकोर खरंच चांदणं पितो का, हे बघायला आपल्यातलं तरी कोण रात्रभर जागलं होतं?

आणि कोणी बघितलंच नाही असंही नाही. एक रानबदक होतं, बार्नेकल गूझ. ते हिवाळ्यात यायचं, पण त्याचं घरटं कुणाला कधी दिसलं नव्हतं. तेव्हा ते अंड्यातून येतच नाही, समुद्रात वाहून आलेल्या लाकडाला फळासारखं लागतं, असं ठरलं. आणि मग ते मांस नव्हे, सबब उपवासाला चालतं! साबुदाण्याच्या आपल्या युक्तिवादापेक्षा हा सरस. पण आल्बर्टस माग्नुस नावाच्या जर्मन धर्मपंडिताने लिहून ठेवलं की हे थोतांड आहे, त्यांना जोडी जमवताना आणि अंडी घालताना आम्ही पाहिलंय. हा माणूस १२८०मध्ये वारला. वनस्पतींवरही त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला, ऐकीव माहितीइतकाच स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून. तुमची जोडी छान जमली असती.

हत्तीची गोष्ट तर आपल्यालाच जास्त कळेल. हत्तीला गुडघे नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो, असं पोथ्यांत लिहिलेलं. १२५५मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला खरा हत्ती भेट दिला. तो लंडनच्या टॉवरमध्ये ठेवला होता. सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या मॅथ्यू पॅरिस या साधूने त्याचं चित्र काढलं, उंचीचा अंदाज यावा म्हणून शेजारी माहूत उभा केला, आणि पायांना सांधे दाखवले. पोथी एका बाजूला, डोळा दुसऱ्या बाजूला. हत्ती दोनच वर्षांत मेला. त्या थंडीत आणखी काय होणार.

कॉलेजात असल्यापासून मी म्हणत आलो की प्रतीकांच्या नादात या लोकांना समोरचं झाड दिसत नव्हतं. ते आता मागे घेतो. फरक प्रतीकाचा नसावा, हाताच्या अंतराचा असावा. सिंह पोथीतून यायचा, ओक बांधावरून. आणि ओकशी यांचा संबंध तुझ्यामाझ्यासारखा सहलीपुरता नव्हता. एका खांबाच्या माथ्यावर ओकखाली डुकरं एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, खातायत. ते सजावटीसाठी आहे असं मला वाटलं होतं. पण तिथे माहिती सांगायला बसलेल्या आजीबाईंनी समजावलं की पानगळीत डुकरं रानात सोडून एकॉर्नवर पोसायची, मग हिवाळ्याच्या तोंडी कापून खारवायची, तो वर्षभराचा शिधा. १०८६मध्ये राजाने करवलेल्या जमिनीच्या मोजणीत कित्येक ठिकाणी रान एकरांत मांडलेलंच नाही, त्यात किती डुकरं पोसतील यावर मांडलंय. जवळच शेरवुडचं रान, आणि त्यातलं हरीण मारलं तर राजाचा दंड. रान म्हणजे पोट आणि कायदा दोन्ही. मग पान नीट माहीत नसून कसं चालेल?

सगळ्यांना हे आवडत होतं असं मात्र नाही. दीडेकशे वर्षं आधी फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने त्रागा करून लिहिलं होतं की मठाच्या ओवऱ्यांत ही माकडं, हे सिंह, हे अर्धे माणूस-अर्धे पशू कशाला? साधू पोथी सोडून दगडच वाचत बसतील. गंमत अशी की, ग्रंथांपेक्षा रानात जास्त सापडेल, असंही एका पत्रात लिहिणारा हाच माणूस.

पानांत मधूनच चेहरे आहेत. तोंडातून, कपाळातून डहाळ्या फुटलेले. मला आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवलं. दुकानात त्यांचे मग आणि चुंबक मिळतात, 'ग्रीन मॅन, प्राचीन वनदेवता' म्हणून. चर्चमधल्या या चेहऱ्यांना ते नाव १९३९मध्ये एका लेखात दिलं गेलं. प्राचीन म्हणे! मी मग घेतला नाही. चुंबक घेतला, वहिनींसाठी.

निघताना मधल्या दगडी पडद्याकडे, म्हणजे लांबलचक भाग आणि गायकमंडळींचा भाग यांमधल्या कोरीव भिंतीकडे, लक्ष गेलं. तो चौदाव्या शतकातला, पानांच्या खोलीनंतर जेमतेम तीसचाळीस वर्षांचा. काम फार नाजूक, बघत राहावं असं. पण पानं बघ : फुगीर, बुडबुड्यांसारखी, पुन्हा कुठल्याच झाडाची नाहीत. मी दोनदा जाऊन पाहिलं. माणूस हळूहळू बघायला शिकला, आधी नक्षी, मग रांगोळीचं पान, मग खरं पान, असा जिना मी मनात बांधत आलो होतो, आणि शेवटची पायरी खालीच उतरली. या खोलीत बसून कारभार बघणाऱ्यांचे नातूपणतू त्या बुडबुड्यांवर खूश असणार. त्या आठकोनी खोलीत काही वर्षं काय घडलं असेल? कदाचित फ्रान्समध्ये राँस गावच्या मोठ्या चर्चचं काम पाहिलेला कोणी आला असेल, तिथेही अशीच खरी पानं आहेत. कदाचित मुकादमाने म्हटलं असेल, करा काय करायचं ते, छत पडू देऊ नका म्हणजे झालं.

तुला काटे हवे होते. चर्चच्या आवारात कुंपणाला हॉथॉर्न आहे, लाल फळांनी लगडलेला. एक डहाळी आणून वर्तमानपत्रात दाबायला घेतली होती, आपण आंबोलीला करायचो तशी, पण लेक म्हणाली की पाकिटातून झाडपाला पाठवायला बंदी आहे. म्हणून ती टेबलावर ठेवून पेन्सिलीने काढली. तीन कागद फुकट गेले, तोवर पानं मलूल झाली. चौथा सोबत जोडलाय. काटा मापात आहे, पट्टी लावून घेतलाय. पानाचं मात्र रांगोळीतलं पान झालंय. ओळखू आलं तर कळव.

तुझा,
नाना