३१ मिनिटं मी, ९ मिनिटं ती

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस, "नोकरी लागली की पुन्हा शिकायला बसलास?" दोन्ही, रे. करिअर मार्गदर्शनाची उमेदवारी करतोय. पगार मिळतो, टेबल मिळालंय, पण समोर माणूस बसला की अजून मला एकट्याला सोडत नाहीत. थोडा वेळ अभ्यासाला, बाकीचा कामावर. आधी नुसतं शेजारी बसून ऐकायचं, मग मुलाखतीतला एखादा भाग घ्यायचा, मग अख्खी मुलाखत. पण कोपऱ्यात मला शिकवणाऱ्या बाई वही घेऊन बसलेल्या असतात.

माझी पहिली अख्खी मुलाखत ऐकायचीय? एक मुलगी आली होती. कोण, कुठली ते सांगणार नाही. सांगताही येत नाही, आणि हे बंधन माझ्यासारख्या बोलघेवड्याला फार जड जातं. मनासारखे गुण मिळाले नव्हते, पुढे काय ते सुचत नव्हतं. मी तीन कोर्स सुचवले, प्रवेशाच्या अटी समजावल्या, वर धीरही दिला. ती "हो, हो" करत गेली. मी खूश. बाईंनी वही पुढे सरकवली. एकच ओळ होती: तू ३१ मिनिटं, ती ९.

वर त्यांनी विचारलं, "त्या ९ मिनिटांत 'घरी काय म्हणतील' असं ती दोनदा म्हणाली. ऐकलंस?" नव्हतं ऐकलं. तेव्हा मी मनातल्या मनात चौथा कोर्स शोधत होतो.

तेव्हापासून गप्प बसायचा सराव चाललाय. हसू नकोस. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. पाच-सहा सेकंदांची शांतता किती लांब असते ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. जीभ नुसती वळवळते. पण थांबलं की माणूस बहुतेक वेळा आणखी एक वाक्य बोलतो, आणि खरी गोष्ट त्या वाक्यात असते.

अभ्यासात सिद्धांतही आहेत. फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी १९०८ साली बोस्टनमध्ये मार्गदर्शन केंद्र काढलं. स्वतःला ओळखा, कामांची माहिती काढा, मग दोहोंचा मेळ घाला, एवढी सरळ त्यांची मांडणी. पुढे जॉन हॉलंड यांनी माणसांच्या आवडींचे सहा प्रकार पाडले. आजच्या कितीतरी कलचाचण्या त्यावरच उभ्या आहेत. कागदावर सगळं चोख. समोरचा मात्र सहापैकी चार प्रकारांत थोडा थोडा बसतो, आणि वर त्याला लगेच पगार हवा असतो.

मला पटले ते जॉन क्रुम्बोल्ट्झ. आयुष्यात योगायोग येणारच, तेव्हा ते आले की हाती लागावेत अशी तयारी ठेवा, असं ते सांगत. ते स्वतः मानसशास्त्राकडे वळले त्यात त्यांच्या टेनिसच्या प्रशिक्षकाचा हात होता, कारण तो प्रशिक्षक मानसशास्त्रही शिकवायचा. तुझं काय वेगळं झालं सांग! रांग छोटी होती म्हणून तू त्या शाखेचा अर्ज भरलास.

एक गोष्ट मात्र खटकते. मध्यंतरी एका संस्थेकडून निरोप आला, आमच्याकडे जागा रिकाम्या आहेत, मुलं पाठवा. बोलणं गोड, पण अर्थ स्पष्ट. बाईंनी सांगितलं, त्यांचं माहितीपत्रक कपाटात बाकीच्यांच्या माहितीपत्रकांत ठेव, वर नाही नि खालीही नाही. निःपक्षपातीपणावर मी पानभर टिपण लिहिलं होतं. तो खरा कळला त्या कपाटापाशी.

रोज रात्री नोंदवही लिहावी लागते: काय केलं, तसं का केलं, पुन्हा वेळ आली तर काय करीन. पहिले काही आठवडे मी "मुलाखत चांगली झाली" एवढंच लिहून झोपायचो. आता दोन पानं होतात, बहुतेक स्वतःला शिव्या.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरीक्षण आहे आणि मला सरावाला माणूस हवाय. ती नोकरी सोडू की नको, हे तू वर्षभर घोळवतोयस. फोनवर ४० मिनिटं दे. सुरुवातीलाच ठरवू, कशावर बोलायचं आणि कशावर नाही. मी सल्ला देणार नाही, वचन. घड्याळ तुझ्याकडे ठेव आणि मी किती वेळ बोललो ते मला खरं सांग.

तुझा,
बडबड्या