धापा टाकणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांना भिडतो. अशाच एका दुपारी आमच्या गल्लीत टेम्पोखाली एक कुत्रं धापा टाकत बसलं होतं. जीभ लोंबलेली, लाळेची तार सुटलेली. कुणीतरी ‘पिसाळलंय’ म्हणून ओरडलं आणि काठ्या निघाल्या. ते भर उन्हात पळालं आणि कोपऱ्यावरच्या नळापाशी कोसळलं. शेजारच्या मुलीने बादलीभर पाणी ओतलं म्हणून वाचलं.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या गाद्यांतून येतो, तोही नावापुरता. त्याची सगळी भिस्त धापांवर. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं उन्हात दोनशे-तीनशेवर जातं. जीभ, तोंड आणि नाकातली ओल उडते, तिच्यासोबत उष्णता जाते. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. पावसाळ्यात माठ गार होत नाही, तशा दमट हवेत धापाही अपुऱ्या पडतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर फारच हाल. आणि घट्ट मुसकं बांधून दुपारी कुत्रं फिरवणं म्हणजे त्याचा घामच बंद करणं!

रेबीजची भीती खोटी नाही, तो जीवघेणाच आहे. पण पिसाळलेल्या कुत्र्याचं वागणंच बदलतं: विनाकारण अंगावर येतं, लटपटतं, जबडा लुळा पडून गिळता येत नाही. शंका आली तर लांब राहून महापालिकेला कळवावं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. सावलीत निमूट धापा टाकणाऱ्याला मात्र तिथून हुसकू नये, एवढीच कळकळीची विनंती.

घरच्या कुत्र्याच्या हिरड्या लालभडक झाल्या, उलटी झाली, तोल जाऊ लागला, तर उष्माघात समजावा. आधी साधं पाणी अंगावर ओतत राहावं, पंखा लावावा, मग डॉक्टरांकडे न्यावं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, उष्णता आत कोंडते. रात्री गारव्यातही धापा थांबत नसतील तर दुखणं किंवा हृदयाचा आजार असू शकतो, तेव्हा तपासून घ्यावं.

ते कुत्रं अजून त्याच टेम्पोखाली बसतं. टेम्पोवाल्याने तिथे पाण्याचं मातीचं परळ ठेवलंय, आणि गाडी काढण्याआधी तो वाकून खाली बघतो.

कळावे,
एक वाचक, अकोला